आधी तळवे, मग श्वास

आघात सोसलेल्या बायकांसाठी आम्ही गोव्यात अंगाच्या सरावाचे दहा आठवड्यांचे गट चालवतो. खोली शोधण्यात आमचा जेवढा वेळ जातो तेवढा पुढच्या दहा आठवड्यांत कशातच जात नाही. तळमजला हवा, प्रत्येक चटईवरून दार दिसायला हवं, खिडकीला पडदा हवा आणि कदंबाच्या बसचा थांबा चालत जाण्याइतका जवळ हवा. मात्र ज्या वाड्यावरच्या बायका येणार त्या वाड्यावर ती नको. गोव्यात माणूस नावाने कमी आणि ‘ती कोणाची?’ या प्रश्नाने जास्त ओळखला जातो. दाराशी लावलेली स्कूटरसुद्धा सांगायचं ते सांगून टाकते. म्हणून गट फोंडा, डिचोली अशा तालुक्याच्या गावात घेतो, शिवणवर्गाच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत, शनिवारी दुपारी साडेतीन ते पाच. जेवणं आवरलेली असतात, आणि पाचला सुटलं की तिन्हीसांजेच्या आत घरी पोचता येतं. संध्याकाळची वेळ एकदाच ठेवून पाहिली होती. दारूच्या पायी घरात जे व्हायचं ते बऱ्याच जणींच्या बाबतीत दिवेलागणीलाच झालेलं; बाहेर उजेड कमी होऊ लागला की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे कानांकडे चढत.

दाराला कडी लावत नाही. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा लावून ते वीतभर उघडं ठेवतो आणि बाहेर एक कार्यकर्ती बसते. उदबत्ती लावत नाही, मोगऱ्याचा गजरा माळून सत्र घेत नाही. वास माणसाला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नसतो. बॅटरीवरचा दिवा कायम चार्ज केलेला असतो, कारण जूनमध्ये वीज जायचीच आणि अचानक काळोख झाला की तासाभराची मेहनत दोन सेकंदांत वाहून जाते. चटयांमध्ये दोन हातांचं अंतर. प्रत्येकीला चटई आणि खुर्ची दोन्ही, कुठे बसायचं ते तिनं ठरवायचं. पहिल्या दिवशी भिंतीला पाठ लावून बसायच्या जागा आधी भरतात, हे गृहीत धरून चटया भिंतीलगतच अंथरायच्या. मधोमध गोल करून बसायचा हट्ट धरू नये.

गटात येतात त्या बायका ‘ट्रॉमा’, म्हणजे आघात, हा शब्द घेऊन येत नाहीत. नवऱ्याची मारहाण, लहानपणी घरातल्याच कुणी केलेला अत्याचार, बाळंतपणाच्या टेबलावर ऐकलेल्या शिव्या आणि खाल्लेल्या थपडा, रस्त्यावरचा अपघात असं काही मागे असतं. पण तोंडी येतात ते कंबर, डोकं, छातीतली धडधड, अंगावरून पांढरं जाणं आणि न सरणारा थकवा. गोव्यातच झालेला एक अभ्यास 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. 18 ते 50 वयाच्या 2494 बायकांमध्ये 12.1 टक्के बायका सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकव्याची तक्रार करत होत्या, आणि त्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो लागला मनाच्या अस्वास्थ्याशी, हलाखीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी. आम्ही तरीही हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून यायला सांगतो. थायरॉइड वाढलं की छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. त्याला मनाचं नाव देऊन बसलं तर बाईचं वर्ष फुकट जातं.

गटात घेण्याआधी प्रत्येकीशी 45 मिनिटं एकटीशी बोलणं होतं. काय घडलं ते विचारत नाही. विचारतो ते असं: आज रात्री झोपायला जाल त्या घरात भीती आहे का? झोपेची, मनाची, फिट्सची कुठली गोळी चालू आहे? गेल्या महिन्यात जीव द्यावासा वाटला का? दिवस गेलेत का, ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं तर गट थांबतो. मार रोज चालू असताना अंगाचा ताठपणा हा आजार नसतो, तो पहारा असतो. पावलांचा आवाज ओळखून मुलांना मागच्या दाराने बाहेर काढणारी बाई आपल्या अंगाच्या सावधपणावरच जगत असते. तो पहारा आपण उठवायचा नाही. तिथे आधी 181 किंवा 112, जिल्ह्याचं सखी केंद्र, 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. जीव देण्याचे विचार असतील तर टेलिमानसचा 14416 हा चोवीस तासांचा फोन आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतली ओपीडी. चालू गोळ्या गटात येते म्हणून कुणी बंद करायच्या नाहीत, हे आम्ही तीनदा सांगतो. तरी दर गटात एखादी बंद करतेच, बहुधा चौथ्या आठवड्यात बरं वाटू लागल्यावर.

गट सहा ते आठ जणींचा. चालवणाऱ्या दोघी: एक बोलते, दुसरी फक्त बघते. ही दुसरी नसेल तर गट घेऊ नये.

पहिल्या सत्रात अंगाच्या सरावाला हातच घालत नाही. भिंतीवर मोठा कागद लावतो आणि अंगात काय काय होतं त्याचे शब्द गोळा करतो. इथे मराठी-कोकणी बोलणाऱ्या बायकांना कुणी काही शिकवायची गरज पडत नाही. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, घशात आवंढा अडकतो, अंगावर काटा येतो, हातपाय गार पडतात, पायातलं बळ जातं, जीव वरखाली होतो, तगमग, घालमेल, कासावीस. वीस मिनिटांत कागद भरतो. मग एकच काम: प्रत्येक शब्दाला जागा द्यायची. कासावीस होतं ते कुठे? मानेत की छातीत? वर सरकतं की एका जागी असतं? गरम की गार? ‘मला भीती वाटते’ यावर बाई काही करू शकत नाही. ‘बरगडीखाली मुठीएवढं गार काहीतरी आहे’ यावर ती हात ठेवू शकते, किंवा तिथून नजर काढून घेऊ शकते. ‘काहीच वाटत नाही’ हेही कागदावर लिहितो आणि त्यालाही जागा विचारतो. कमरेखाली काहीच नाही, असं उत्तर पुष्कळदा येतं. ते चुकीचं उत्तर नव्हे.

त्याच कागदाखाली तीन शब्द लाल शाईने येतात: उतू, कोमट, थिजलेलं. पेज उतू जाते तसं अंग उतू जातं: धडधड, राग, पळावंसं वाटणं, झोप नाही. खोबरेल थिजतं तसं थिजतं: बधिर, जड, आवाज बारीक, सगळं लांबून चालल्यासारखं. जिवावर बेततं तेव्हा अंग आधी पळायची किंवा लढायची तयारी करतं, आणि दोन्ही वाटा बंद असल्या की थिजतं. ओरडली का नाहीस, हा प्रश्न विचारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. धोका सरल्यावरही ही दोन्ही बटणं आपोआप दाबली जातात, हा खरा त्रास. मधलं ते कोमट. कोमट म्हणजे आनंदी नव्हे. कोमट म्हणजे घडलेलं आठवत असतानाही आपण शनिवारी दुपारी फोंड्यात बसलो आहोत हे कळत राहणं. पुढचं सगळं काम कोमटाच्या काठाकाठाने चालतं. थिजलेली खोबरेलाची बाटली आपटून पातळ होत नाही, तळहातात धरली की होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. बाईच्या बाबतीत मात्र लोक आपटायलाच निघतात: बोलून टाक, रडून मोकळी हो, विसरून जा.

दुसऱ्या सत्राला पायांचे तळवे. योगवर्गातून आलेल्या शिक्षिका इथे हमखास अडतात, त्यांना श्वासापासून सुरुवात करायची सवय असते. आघात झालेल्या बाईला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की लक्ष जातं ते छातीकडे आणि घशाकडे, म्हणजे जिथे भीती बसली आहे नेमकं तिथेच. तळवे त्यापासून सर्वांत लांब. खोलीत तीन पृष्ठं ठेवतो: गुळगुळीत लादी, काथ्याची चटई आणि घासून सपाट केलेला चिरा. प्रत्येकावर एकेक मिनिट उभं राहायचं, भिंतीचा आधार चालेल. डोळे उघडे. वजन टाचेवर न्यायचं, बोटांवर आणायचं, डाव्या पायावर, उजव्या पायावर. मग प्रश्न: तिन्हींत कुठलं बरं? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. पहिल्या फेरीत बहुतेक बायका शेजारणीकडे बघून उत्तर देतात. मग एखादी लादीवर जाते, परत काथ्यावर येते, पुन्हा लादीवर जाते, पायाची बोटं उचलून काथ्याची टोचणी सोसते का ते बघते आणि म्हणते, “हे नको. चिराच बरा, गार आहे.” त्या ‘हे नको’साठी सत्र असतं. आपल्या अंगाला काय हवं ते आपण ठरवलं आणि कुणी रागावलं नाही, एवढंच त्यात होतं. ज्या बाईचं अंग दुसऱ्यांच्या मर्जीवर चाललं तिला ते करायला किती वेळ लागतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

काथ्या पावसाळ्यात ओल धरतो आणि कुबट वास येतो. चटया दर शुक्रवारी निखाऱ्याच्या शेगडीजवळ किंवा ऊन असेल तर उन्हात. कुबट वासाने एक बाई थेट ज्या माडीवर तिला कोंडलं होतं तिथे पोचली होती, तेव्हापासून हा नियम.

तिसरं सत्र बघण्याचं. मान सावकाश वळवून खोली न्याहाळायची, दार कुठे, खिडकी कुठे, छपराचे वासे किती, पाठीमागे काय आहे. पाच गोष्टी दिसणाऱ्या, चार लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या ही मोजणी सगळीकडे शिकवतात. ती उतू गेलेल्या अंगाला उपयोगी, थिजलेल्याला फारशी नाही, कारण थिजलेली बाई पाठ म्हटल्यासारखे आकडे म्हणते आणि असते तिथेच. तिला हालचाल हवी, किंवा चव. आमच्याकडे डबीत सोलं असतात. आमसुलाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला की तोंडाला पाणी सुटतं, डोळे मिचकतात आणि माणूस खोलीत येतं. पित्त असेल तर जत्रेतलं खाजं: कडक असतं, चावावं लागतं, आल्याचा तिखटपणा लागतो.

श्वास चौथ्या सत्रात येतो, तोही पडदानशीन. आधी गुणगुणणं. ओठ मिटून ‘म्’, आपल्या सोयीच्या उंचीवर, डोळे उघडे, कान झाकायचे नाहीत. ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी मग आकडे: आत चार, बाहेर सहा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, अशी दोन मिनिटं. यापेक्षा जास्त नको. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब. तो लांबवण्यासाठी जोर लावला की फायदा गेला. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक या गटात नाहीत. भराभर खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि बाईला वाटतं झटका आला. श्वास रोखणं तर बऱ्याच जणींनी वेगळ्याच कारणासाठी करून झालेलं असतं.

इथे बोलण्याच्या भाषेबद्दल. शवासनाच्या वेळी कुठल्याही वर्गात ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अंग सैल सोडा’. हेच वाक्य कुणीतरी अंधारात कानाशी म्हटलेलं असू शकतं. प्रसूतीच्या टेबलावर तर ते ओरडूनच म्हटलेलं असतं. आम्ही ते काढून टाकलं. ‘डोळे मिटा’ याऐवजी ‘मिटायचे असतील तर मिटा, नाहीतर लादीवरचा एखादा डाग बघत राहा’. ‘हात वर करा’ याऐवजी ‘हात वर जात असतील तर किती जातात बघूया’. ‘छान’, ‘बरोबर’, ‘शाब्बास’ हेही नाही. शाबासकी मिळाली की पुढच्या वेळी ती शाबासकीसाठी करते. आणि स्पर्श नाही. ‘हात लावू का?’ असं विचारूनसुद्धा नाही, कारण ताई म्हणून समोर उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणं तिला अजून जमत नसतं. त्या होकाराला किंमत नाही.

पाचव्या सत्रात भिंत ढकलायची. पाऊलभर अंतरावर उभं राहून दोन्ही तळहात भिंतीवर, कोपर किंचित वाकलेलं, आणि आपल्या ताकदीच्या चौथाईपासून सुरुवात. दहा सेकंद ढकलायचं, वीस सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. थांबल्यावर दंडात, पाठीत, मांड्यांत काय उरतं ते बघायचं. जे अंग त्या वेळी ढकलू शकलं नाही त्याला ढकलण्याची जागा मिळते. हसू येतं, राग येतो, कधी रडू. चूक होते ती दोन प्रकारची: पहिल्याच वेळी पूर्ण जोर लावला की खांदा धरतो, आणि पूर्ण जोराबरोबर सगळा राग एकदम आला की बाई उतू जाते आणि पुढच्या शनिवारी येत नाही. रागाला हाकलायचं नसतं, मोजून वाढायचं असतं. गळती होते ती बहुतेक या सत्रानंतर. त्यामुळे रविवारी सकाळी प्रत्येकीला फोन ठरलेला.

सहाव्याला झोका. अंगातली एक बरी किंवा निदान न दुखणारी जागा शोधायची. कानाची पाळी चालेल, डाव्या पायाचा अंगठा चालेल. मग त्रासाची जागा, तीही काठावरून. पंधरा सेकंद तिथे, तीस सेकंद बऱ्या जागी, पुन्हा पंधरा. चार झोके, बस. पहिल्या दोन झोक्यांत त्रासाची जागा मोठी वाटते. तिसऱ्या-चौथ्याला तिच्या कडा दिसू लागतात. बरी जागा सापडतच नसेल तर अंगाबाहेरची घ्यावी: खिडकीतला माड, हातातला पेला. ज्यांना सगळं अंगच शत्रू झालेलं असतं त्यांना हा बाहेरचा झोका महिनाभर पुरतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

याच सुमाराला थरथर सुरू होते: मांड्या, हनुवटी, हात. भीती साठलेली असते ती निघते, असं सोपं सांगितलं जातं. आम्ही एवढंच सांगतो की थरथर आली तर येऊ द्या, आणून करू नका. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, डोळे उघडे. थोड्या वेळाने ती आपोआप ओसरते. हाक मारूनही उत्तर येत नसेल, तोंडाला फेस असेल, लघवी झाली असेल तर ती फिट समजायची. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

बघणाऱ्या दुसरीचं काम इथे कळतं. बाई उतू जाते तेव्हा सगळ्यांना दिसतं. थिजते तेव्हा ती गटातली सर्वांत शांत, शहाणी विद्यार्थिनी वाटते. खुणा बारीक आहेत: पापणी लवत नाही, नजर एका जागी, ‘हं’ दोन सेकंद उशिरा येतं, ओठ फिके, हाताची बोटं बाहुलीच्या बोटांसारखी. अशा वेळी आवाज किंचित मोठा आणि रोजच्यासारखा ठेवायचा, जवळ जायचं नाही, वाकून कानाशी बोलायचं तर मुळीच नाही. “आज शनिवार आहे. आपण फोंड्याला आहोत. बाहेर पाऊस पडतोय, ऐकू येतोय? टाचा लादीवर दाबता येतात का?” मग सोलं, मग उभं राहणं, मग दोघींनी बाहेर व्हरांड्यात चालून येणं. ‘खोल श्वास घ्या’ हे इथे सर्वांत वाईट. कुणीतरी मायेने मिठी मारायला उठतं, तिला हाताच्या खुणेनेच थांबवायचं.

आणि अंगात येणं. धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर शेवटच्या दिवशी रंभा येते, देवळात भार येतो; हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलंय त्यांना ते परकं नाही. मांडावर त्याला सुरुवात असते, शेवट असतो, सांभाळणाऱ्या बायका असतात, ते ओसरल्यावर बाई घरी जाऊन चुलीपाशी बसते. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. गटात एखादी घुमू लागली तर विचारतो ते इतकंच की हे कोणाच्या ठरवण्याने चालू आहे आणि थांबतं कसं. थांबवणं तिच्या हातात नसेल तर झोके, थरथर, डोळे मिटणं हे सगळं तिच्यापुरतं बंद, पुन्हा तळव्यांवर.

सातव्या सत्रात मात्र धालो आणि फुगडीच कामी येतात. धालोत दोन ओळी समोरासमोर, कमरेला हात, पुढे-मागे पावलं, एकीने म्हणायचं आणि दुसरीने झेलायचं. आम्ही कमरेला हात घालणं ऐच्छिक ठेवतो. दोघींमध्ये ओढणी धरूनही ओळ होते. गाणं कुठलंही. आठ पावलं पुढे, आठ मागे, दहा मिनिटं. कोमटात राहून दुसऱ्या माणसाच्या तालात तालमेल बसवणं, हे एकटीने चटईवर करून येत नाही. फुगडी बसून किंवा एका हाताची. गरगर फिरण्याची नको, फिरण्याची चक्कर आणि भीतीने येणारी घेरी यातला फरक त्या वेळी कळत नाही. सगळ्यात जास्त आवाज याच सत्राला होतो, बाहेर बसलेली कार्यकर्ती डोकावते.

शरीर न्याहाळण्याचा सराव, जो इतरत्र पहिल्या दिवशी 45 मिनिटं घेतात, आमच्याकडे आठव्या आठवड्यात सात मिनिटांचा असतो. उताणं नाही, कुशीवर, गुडघ्यांत उशी, पाठ भिंतीला. हात, पाय, चेहरा. ओटीपोट, मांड्या, छाती यांचं नाव आम्ही घेत नाही; जिला जायचंय ती जाते. सिझेरियनचा व्रण, गर्भपिशवी काढलेली जागा, यांच्याशी बोलणं हवं असेल तर ते एकटीच्या भेटीत. रजोनिवृत्तीच्या गरम वाफा याच सत्रात हमखास येतात आणि बाई घाबरते. आधी सांगून ठेवलं तर ती हसून पंख्याखाली जाते.

नववं सत्र आवाजाचं. दोघी समोरासमोर, दहा पावलांवर. एक सावकाश चालत येते. दुसरीला वाटेल तिथे तिने तळहात पुढे करून ‘पुरे’ म्हणायचं. चालणारी जागच्या जागी थांबते आणि एक पाऊल मागे जाते. तोंड उघडायच्या आधी अंगाने कधी सांगितलं, पोटाने की मानेने, ते शोधायचं. बरेचदा अंग सात पावलं उरली असतानाच सांगतं आणि तोंड तीन उरल्यावर. ते अंतर एका सत्रात मिटत नाही, दिसतं मात्र.

घरचा अभ्यास दोन मिनिटांचा, दिवसातून तीनदा, नेहमीच्या कामाला बांधलेला. तुळशीला पाणी घालताना तळवे. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवताना पाटाला टेकलेलं वजन. गॅस पेटवण्याआधी एक गुणगुण. पंधरा मिनिटं वेगळी काढा म्हटलं तर नातेवाईक विचारतात काय चाललंय, आणि ती बंद पडते. जास्त केल्याने लवकर बरं होत नाही. उलट रात्री स्वप्नं वाढली, दिवसा चिडचिड वाढली तर मात्रा निम्मी करायची. दिवाळीच्या तोंडावरच्या, नरकासुराच्या रात्रीच्या आठवड्यात नवीन काही शिकवत नाही. पहाटेपर्यंत स्पीकर, फटाके, दारू पिऊन फिरणारी टोळकी. त्या आठवड्यात फक्त तळवे आणि कानात कापूस.

याने काय होतं, याचा हिशेब डोकं ताळ्यावर ठेवून मांडावा. 2014 साली बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 64 बायकांवर केलेल्या चाचणीत, उपचारांनी न हटलेल्या आघातोत्तर विकारावर दहा आठवडे, आठवड्याला एक तास असा योग दिला. शेवटी योगगटातल्या 31 पैकी 16 जणी निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या, आरोग्यशिक्षणाच्या गटात 29 पैकी 6. चाचणी लहान आहे. जवळजवळ निम्म्या जणी बाहेर आल्या नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून समुपदेशन आणि औषधं यांच्या जोडीने हे काम करावं, त्यांच्या जागी नव्हे. आमच्या वहीत आम्ही ‘बरी झाली’ असा रकाना ठेवत नाही. रकाने आहेत ते झोप किती तास, दचकून जाग किती वेळा, उतू गेल्यावर कोमट व्हायला किती वेळ. तिसरा रकाना आधी हलतो. उतू जाणं तेवढंच राहतं, पण परत यायला दोन दिवस लागायचे तिथे दुपार लागते.

प्रत्येक सत्राची शेवटची वीस मिनिटं चहाची, आणि ती कापायची नाहीत. उशीर झाला तर सराव कापावा. कप दोन्ही हातांनी धरायचा, गरम किती ते आधी बोटांना कळू द्यायचं. गावगप्पा चालतात, बांगड्यांचा भाव चालतो, कोणाच्या परसात यंदा फणस किती लागले ते चालतं. बाई चटईवरून थेट बसमध्ये गेली तर रस्ता ओलांडताना तिचं भान पुरतं आलेलं नसतं. त्या गेल्यावर आम्ही दोघी अर्धा तास थांबतो, भिंत ढकलतो, वही भरतो. हे टाळलं की तिसऱ्या महिन्यात चालवणारीचीच झोप उडते.

दहाव्या सत्राला नवीन काही नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रत्येकीने आपल्या अक्षरात, किंवा लिहिता येत नसेल तर चित्र काढून, तीन गोष्टी मांडायच्या: माझं उतू कसं सुरू होतं, माझं थिजणं कसं सुरू होतं, मला कोमटाकडे काय आणतं. चिरा, सोलं, गुणगुण, शेजारणीचा नंबर. मागच्या बाजूला 181, 112, 14416. हा कागद कपाटात साड्यांच्या घडीत राहतो की मसाल्याच्या डब्याखाली, ते तिचं ती बघते. चार आठवड्यांनी आम्ही फोन करतो. तो दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं, शिवणवर्गाच्या की वाचनालयाच्या, हे त्याच दिवशी ठरवून वहीत नावापुढे लिहून ठेवतो. आणि तिने उचलला तर पहिला प्रश्न एवढाच, की आता उभ्या आहात की बसलेल्या, आणि पायाखाली काय आहे.